व्यासपीठावरून उठताना : फिशरचे दुखणे आणि आमच्या घरचे ताट

जो जठराग्नी होऊन प्रत्येक देहात वास करतो, आणि श्रीमंताचा घास व भिक्षेकऱ्याचा घास एकाच निष्ठेने पचवतो, त्या नारायणाला प्रथम साष्टांग वंदन. साष्टांग हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मधल्या काही महिन्यांत बसून नमस्कार करणे मला शक्यच नव्हते.

मी भंडाऱ्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. आता निवृत्त आहे. वर्षातून एकदा, कार्तिकात, साकोलीकडच्या एकोडी गावी देवळात सप्ताहाची पोथी वाचतो. पूर्वी माझे वडील वाचत, त्यांच्यानंतर मी. यंदा या वाचनाच्या आड एक दुखणे आले. त्याचे नाव उच्चारण्याची मला लाज वाटत होती. आणि आता त्याच दुखण्याची चौकशी करायला लोक माझ्याकडे येतात, तेही आवाज खाली आणून. त्या सर्वांना एकदाच आणि स्वच्छ शब्दांत उत्तर मिळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

उभ्याने जप

आषाढी एकादशीला चातुर्मासाचे नेम धरायचे, ही आमच्या घरची रीत. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. त्यात श्रावणातले उपवास. उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि चहा. शिवाय श्रावणभर सकाळी घराजवळच्या देवळात माझे लहानसे पारायण असते. पोथी उघडल्यावर वाचकाने आसन सोडायचे नाही, आणि वाचक उठेपर्यंत श्रोत्यांनीही उठायचे नाही, असा आमच्याकडचा दंडक. म्हणून पारायणाच्या दिवशी मी पहाटेपासून पाणीच पीत नसे. आचमनापुरते पळीभर पोटात जाई, तेवढेच.

एके सकाळी शौचाच्या वेळी जणू काच चिरत गेली. मागोमाग रक्त. मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वेदना तिथेच संपत नसे. पुढे दुपारपर्यंत तिथे निखारा ठेवल्यासारखी आग होई. बसवत नसे, उभे राहून पाय भरून येत, आडवे व्हावे तर मन उठवी. मी ओसरीतून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून ओसरीपर्यंत येरझारा घालू लागलो. हातात माळ असे, म्हणून पाहणाऱ्याला ती भक्ती वाटे.

सौभाग्यवतीला मात्र वाटली नाही. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, काहून असे फिरून राहिले सकाळपासून? बसा ना घडीभर."

"उभ्याने जप केला तर देव रागावत नाही."

"देव नाही रागावत, पण माझी फरशी झिजून राहिली."

मी हसलो नाही. मनात एकच शब्द घोळत होता, कर्करोग. रक्ताचे दुसरे कारण मला माहीतच नव्हते. कोणती पोथी कोणाला द्यायची, एकोडीच्या आसनावर कोणाला बसवायचे, इथपर्यंत विचार पोचले होते. शौचाला जाण्याची इतकी धास्ती बसली, की मी जेवणच कमी केले. जेवण कमी केल्याने मळ अधिक कठीण झाला, आणि चीर अधिक खोल. हे चक्र मीच फिरवीत होतो. पण भयभीत माणसाला आपलाच हात दिसत नाही.

शेवटी धुण्यात सुनेला, वैशालीला, माझ्या धोतरावर डाग दिसला. तिने मला काही विचारले नाही, सासूला सांगितले. सासूने मुलाला सांगितले. मुलगा जवाहरनगरला नोकरीला आहे, त्याने त्या दिवशी कारखान्याची बस सोडून दिली आणि मला म्हणाला, "बाबा, चला."

रिकाम्या खुर्च्या

शल्यचिकित्सकाच्या दवाखान्यात गर्दी होती आणि खुर्च्या मात्र बहुतेक मोकळ्या होत्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पावत्या फाडणारा म्हणाला, "गुरुजी, बसा ना, जागा हाये."

"नको, उभाच बरा."

माझ्याशेजारी उभे असलेले धोतर-टोपीतले एक गृहस्थ खुदकन हसले. "इथं सारेच उभे हायेत जी. इथच्या खुर्च्या शोभेच्या."

किती दिवसांनी मला हसू आले! इतकी माणसे, आणि सर्वांना तेच किंवा त्याच गोत्रातले दुखणे. आणि मी समजत होतो की ही विटंबना एकट्या माझ्या वाट्याला आली आहे.

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी तपासले. त्या क्षणांविषयी एवढेच लिहितो की लाज ही तपासणीच्या आधी असते, नंतर उरत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, शौचमार्गाच्या कडेला चीर पडली आहे. फिशर म्हणतात. कॅन्सर दिसत नाही. पण तुमचं वय पाहता रक्त आलं आहे, तर दुर्बिणीनं एकदा आतून पाहून घेऊ, म्हणजे तुमच्याही मनात काही राहणार नाही."

पुढे ती तपासणीही झाली आणि निर्मळ निघाली. पण त्याच दिवशी त्यांनी विचारलेले प्रश्न मला अधिक लागले.

"पाणी किती पिता?"

"पारायण असेल तर तोंड ओलं करण्यापुरतं."

"आणि भाजीपाला?"

"श्रावण आहे."

"उपवास?"

"आहेत."

"म्हणजे पाणी नाही, पाला नाही, वरून साबुदाणा. मग त्या आतड्यानं काय करायचं, गुरुजी? ते बिचारं कोरडा घाट चढून राहिलं." मग मलम, कोमट पाण्यात बसणे, इसबगोल आणि भरपूर पाणी असे सांगून ते म्हणाले, "कुंथायचं नाही, थांबवून ठेवायचं नाही. यानंच भरून आलं तर उत्तम. नाही तर छोटं ऑपरेशन. आणि मांडी घालून तासन् तास बसणं सध्या बंद."

मी विचारले, "कार्तिकात सप्ताह आहे. सात दिवस बसायचे असते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "कार्तिक लांब आहे. आधी भाजी खा."

नेम कोणी धरायचा

घरी आल्यावर खरी अडचण उभी राहिली. श्रावण निम्मा सरला होता. आजाऱ्याला, वृद्धाला, गर्भिणीला शास्त्राने व्रतातून सूट दिली आहे, हे मी जन्मभर इतरांना सांगत आलो. स्वतःला सांगताना जीभ अडखळू लागली. ताटात चवळीची पालेभाजी वाढलेली होती आणि मी ताटाभोवती फिरत होतो, कारण तेव्हा मी उभ्यानेच जेवत असे. घास उचलावा, ठेवावा, पुन्हा खिडकीशी जावे. वडिलांनी हा नेम मोडल्याचे मला आठवत नव्हते.

सौभाग्यवती शेवटी वैतागली. "तुमच्या वाटचा नेम मी धरते. माझा श्रावण होईल, मग तुमचा म्हणून आणखी एक महिना धरीन. देवाच्या दारी भाजी सोडली की झालं, कोणी सोडली ते मी सांगेन त्याले. तुम्ही खा."

तिने तसेच केले. भाद्रपद सरेपर्यंत माझ्यासाठी ती रोज पाला निवडी, धुई, फोडणीला टाकी, आणि स्वतः वरण-भात खाई. चव पाहता येत नसे म्हणून मिठाचा अंदाज कधी चुके. त्या खारट भाजीइतका प्रसाद मला अन्यत्र लाभलेला नाही.

लवकीचे दिवस

आता आजाऱ्याचे जेवण म्हणजे काय, यावर घरात दोन मते पडली. सौभाग्यवतीच्या मते आजाऱ्याला मऊ भात, पातळ वरण, लवकी म्हणजे दुधी भोपळा, आणि चहाबरोबर बिस्किट. तिखट अर्थातच बंद. मी मुकाट्याने खात होतो. इसबगोलही घेत होतो. पण आचमनाच्या सवयीने फुलपात्रभर पाण्यात कालवून तसाच गिळत होतो. पोट फुगून नगारा झाले आणि शौच अधिकच अडले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, ते भुसं पाणी ओढतं. मोठा ग्लासभर पाण्यात घ्या, वरून आणखी एक प्या. आणि मऊ म्हणजे हलकं नाही, गुरुजी. पॉलिशच्या तांदळाचा भात नि बिस्किट यांत चोथा कुठं आहे?"

त्या रात्री पुन्हा लवकी आली, आणि सत्तरी ओलांडलेला मी पोरासारखा ताट सरकवून उठलो. "रोज रोज हे पांचट मला जाणार नाही!"

सौभाग्यवतीच्या डोळ्यांत पाणी आले. "तुमच्यासाठीच करून राहिली ना मी! तिखट घालू का मग? घालू?"

"आई, थांबा जरा," वैशाली म्हणाली. ती तुमसरची, मला, सासऱ्याला, मामाजी म्हणते; बोलणे थोडके, पण कामाचे. "मामाजीचं पथ्य तिखटाचं हाये, चवीचं नाई. आपल्याले मिरचीशिवाय चवच आठवत नाई, हा आपला दोष हाये. उद्यापासून एक वेळ मी करते."

"कर बाई. मी कोण सांगणारी!" सासू फणकारली. दोन दिवस त्या दोघींत फक्त भांडी बोलत होती.

ताट

येथून पुढचा भाग वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. आम्हा पूर्व विदर्भातल्या माणसांचे जेवण मिरचीवर उभे असते. ती काढली की स्वयंपाकीण गोंधळते. वैशालीने तिच्या जागी अनेक गोष्टी आणल्या. भाजलेले तीळ, भाजलेले जवस, जिरे, आले, हिंग, कढीपत्ता, लिंबू, आमसूल, आणि हात सैल सोडून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

सकाळी ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक व जिरेपूड घालून. कधी गव्हाच्या दलियाची गुळातली लापशी, वर चमचाभर तूप. कधी सालीच्या हिरव्या मुगाचे धिरडे. त्यात ती गुपचूप लवकी किसून घाली. मी ते मिटक्या मारत खाल्ले, आणि सौभाग्यवतीने सूड घेतल्यासारखे विचारले, "आवडलं? लवकीच होती ती."

दुपारी ज्वारीची मऊ भाकरी किंवा हातसडीच्या तांदळाचा भात. सोबत एक पालेभाजी आणि एक फळभाजी. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला मूगडाळीत शिजवून. पालकाचे पातळ बेसन, म्हणजे पिठले, लसूण तुपात परतून. कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी मेथीदाणा व गुळाचा खडा घालून. दोडक्याची भाजी आणि त्याच्या शिरांची तिळाची चटणी. आणि आमची भंडाऱ्याची वांगी! वांगे आता बंदच असणार असे धरून मी मनोमन त्यांना तिलांजली दिली होती. वैशालीने डॉक्टरांना विचारून घेतले. वांग्याचा दोष नव्हता, त्यातल्या तेला-तिखटाचा होता. तिने वांगे चुलीवर भाजले, दह्यात कालवले, भाजल्या जिऱ्याची पूड आणि मूठभर सांबार घातला. भाद्रपदातल्या दह्याच्या नेमाचे काय, असे मी म्हणण्याआधीच सौभाग्यवतीने हात वर केला, "धरला, तोही मीच धरला. जेवा."

चोथा एकदम वाढवला तर पोट धरते, म्हणून तिने तो आठवड्या-आठवड्याने वाढवला. तिसऱ्या प्रहरी पपई, कधी भिजवलेले मनुके. रात्री सालीच्या मुगाची सैल खिचडी, भरपूर भाजी घातलेली. आणि दिवसभर पाणी. देवघराशी, ओसरीत, पलंगाशी तिने तांबे भरून ठेवले होते. येरझारा घालताना जो वाटेत येईल त्यातून प्यायचे.

शौच मऊ होऊ लागले. आग दुपारपर्यंत टिकत असे ती पूजेच्या आत विझू लागली. सकाळी मी कारध्याच्या पुलापर्यंत चालत जाऊ लागलो. वैनगंगा भरून वाहत असे. तिच्याकडे पाहताना वाटे, वाहणे हीच केवढी कृपा आहे.

एक वडा

मग पितृपक्ष आला. कारध्याला एका स्नेह्यांकडे श्राद्धाचे जेवण होते. पानावर बसलेल्या ब्राह्मणाने नाही म्हणू नये, हा संस्कार. यजमान वाढीत गेले, "एक वडा आणखी, गुरुजी. वडिलांच्या नावानं." दुसऱ्याच्या वडिलांना नाही कसे म्हणावे? वडे, झणझणीत रस्सा, आणि पाणी पुन्हा आचमनापुरते.

दुसऱ्या सकाळी तीच काच. तेच रक्त.

यावेळी भीतीपेक्षा संताप मोठा होता. दिवसभर मी घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरलो. सुनेने दिलेला ग्लास तिच्याकडे न बघता परत केला. डॉक्टरांनी पुन्हा तपासले. "दिवाळीपर्यंत पाहू. नाही भरलं तर मग टाळायचं नाही."

आणि त्याच संध्याकाळी एकोडीच्या सदाशिवजींचा फोन आला. ते तिथल्या देवळाचे पंच. "महाराज, औंदा येता ना जी? पत्रिका छापाच्या हायेत."

मी त्यांना दुखणे सांगितले नाही. प्रकृती बरी नसते, एवढेच म्हणालो.

"तुमी नाई आले त बाहेरून कोनाले बोलवा लागन. पोरं म्हनून राहिले, मोठ्या आवाजाचा मानूस आना. एकदा दुसरा बसला का मंग..." एकदा दुसरा बसला की वडिलांपासूनचे आसन गेले, हे मला कळले.

वैशाली जवळच उभी होती. मी फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "हो म्हना मामाजी. ताट माझ्याकडे हाये. वड्याचं तेवढं तुमी सांभाळा."

आश्विन

नवरात्राचे उपवास मी सोडले नाहीत, पण पालटले. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची उपवासाची भाजी, पपई, काकडीची कोशिंबीर, आणि तलावातून नुकते निघालेले शिंगाडे उकडून. तळण नाही. पाण्याला उपवास नाही. रोज दोन वेळा कोमट पाण्याच्या पसरट घमेल्यात बसून मी स्तोत्रे म्हणत असे. सुरुवातीला हे मला पाखंड वाटले; नंतर वाटले की गंगेत उभे राहून म्हणतातच ना.

आमंत्रणे आली की सौभाग्यवती माझ्यासोबत येई आणि यजमानिणीला दारातच सांगे, "यांना वाढू नका, मी वाढते." मला लाज वाटे, पण पोटाला वाटत नसे.

दिवाळीच्या आसपास डॉक्टर म्हणाले, "भरलं आहे. ऑपरेशन नको. सप्ताहाला जा. पण एक अट. दर तासाला उठायचं, चालायचं, पाणी प्यायचं. वेग आला तर जायचं. अडवून धराल, तर पुन्हा माझ्या रिकाम्या खुर्चीशी उभे राहाल."

मांडव

एकोडीच्या देवळापुढे मांडव पडला होता. धान कापणीचे दिवस, म्हणून सकाळी म्हातारी माणसे आणि बायाच अधिक. सदाशिवजींना मी आदल्या संध्याकाळी अट सांगितली. ते म्हणाले, "पोथी अर्ध्यात सोडून उठनं... आजवर कोनी उठलं नाई, महाराज. लोकं काय म्हनतील?" मग माझ्याच तोंडाकडे पाहून म्हणाले, "पाहा जी, तुमचं तुमी."

पहिल्या दिवशी वाचन सुरू झाले. तास सरला. मला उठायचे होते आणि मी उठलो नाही. समोर एवढी माणसे निश्चल बसलेली. वडिलांची जागा. शब्द मुखाने चालले होते, अर्थ कुठे तरी मागे राहिला होता. मांडी बदलली. पुन्हा बदलली. तिथे जुनी ऊब जाणवू लागली, आणि पोटातही हाक आली. आता पाळावा तो कोणता नेम? अध्याय अजून बराच होता. मला सुनेचे ते सावकाश वाढवलेले ताट आठवले, आणि वाटले की ते मी आता इथे, सर्वांसमोर, लाथाडीत आहे.

मी पानांत तुळशीचे पान ठेवले, पोथी मिटली, आणि बोललो. ध्वनिक्षेपक चालू आहे याचे भान नव्हते. गावच्या तलावापलीकडे शेतात धान कापणाऱ्यांनीही ऐकले म्हणतात.

"मंडळी, मला शौचाच्या जागी चीर पडली होती. पाणी न पिता, वेग अडवून पोथीपुढे बसत आलो, त्यानेच पडली. आता बरी आहे. ती बरी राहावी म्हणून मी उठणार आहे. पाणी पिईन, जाऊन येईन, आणि मग पुढचे वाचीन. यात पोथीचा अपमान होत असेल, तर तो माझ्या माथी."

मी धोतर सावरून उभा राहिलो.

पुढच्या रांगेत सुभद्राबाई बसल्या होत्या, गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांनी काठी टेकली आणि त्याही उभ्या राहिल्या. "मा माय! काहून आधी नाई सांगतलं जी? आमी दरसाल पोट दाबून बसून रायतो, का वाचनारा उठला नाई म्हनून!" आणि मागे वळून, "चला वो बायांनो, उठा. महाराज उठले."

एक एक करीत बायांची अर्धी रांग उठली. कोणी तरी हसले, मग सारा मांडवच हसला. सदाशिवजी कपाळाला हात लावून आधी तसेच उभे होते. मग तेच पाण्याचा रांजण पुढे सरकवू लागले.

मी परत येऊन बसलो तेव्हा सुभद्राबाई माझ्याआधी आपल्या जागी येऊन बसल्या होत्या. "वाचा आता," त्या म्हणाल्या, "आता नीट आयकू येईल."

सातही दिवस तसेच वाचले.

हे वाचणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्या घरचा अग्नी, चुलीतला आणि पोटातला, सौम्य व प्रज्वलित राहो. तुमच्या ताटात ऋतूची भाजी आणि तांब्यात पाणी असो. तुमच्या घरात कोणी दुखणे लपवून येरझारा घालीत असेल, तर त्याला विचारणारे कोणी लाभो, आणि त्याला सांगण्याचे धैर्य लाभो. जे रांधतात त्यांना, जे दुसऱ्याचा नेम आपल्या माथी घेतात त्यांना, नारायण दीर्घायुष्य देवो. तुम्ही सर्व सुखाने जेवा, सुखाने बसा, आणि उठावेसे वाटेल तेव्हा निःशंक उठा.

शुभं भवतु.